एक जुलैची न वाचलेली ओळ

शहरातल्या एका संगीत मंडळाने माझ्या मायला फसवलं. सौदा माझ्याशी झाला होता, पण फसली ती. माझे स्पीकर, माझे माईक, माझी माणसं, पूर्ण संध्याकाळ. बदल्यात त्यांनी एक ओळ वाचायची होती. स्पीकर वाजले, माईक वाजले, ओळ वाचली गेली नाही. 'एवढ्याशा गोष्टीचं काय' असं मला तेव्हापासून पुष्कळांनी ऐकवलं आहे, म्हणून लिहितो आहे.

मी साउंडवाला. हिंगण्याच्या कंपनीत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला भोंगे बांधून लग्नं करायचो. पुढे नोकरी सोडली आणि स्पीकरच्या पेट्या स्वतः बनवायला लागलो. लकडगंजात प्लायवूडचा भाव करायला बसलो की तिथला दुकानदार आधी पंखा बंद करतो, म्हणजे मी लवकर उठावं. मी उठत नाही. घामानं भाव वाढत नसतो. आज शहराच्या कडेला, बेसाला, माझं घर आहे, गोदाम आहे, दोन गाड्या आहेत, आणि यातलं काहीही मला कुणी 'बघू' म्हणून दिलेलं नाही.

हे मंडळ सांगीतिक दिनविशेषाचे कार्यक्रम करतं. एखादी तारीख घ्यायची; त्या तारखेला कोणता गायक जन्मला, कोणता वादक गेला, कोणतं गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते निवेदिका सांगते, मध्ये मध्ये गाणी होतात. हॉलच्या दाराशी फळ्यावर रंगीत खडूने तो दिवस लिहिलेला असतो. ऐकायला बहुतेक निवृत्त मंडळी, सोबत थर्मास घेऊन येणारी. अध्यक्ष कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो.

गेल्या वर्षी त्यांनी एक जुलैच्या कार्यक्रमासाठी मला बोलावलं. ध्वनिव्यवस्थेचे काय घ्याल, असं विचारलं.

"एक जुलैचा जन्म तर माह्या मायचाबी हाय, सर," मी म्हणालो.

"अच्छा. गातात का त्या?"

"गात होती. अर्ध्या नागपुरानं आयकली हाय."

"आमच्या कानावर नाही आलं कधी."

"तुमी दुसऱ्या अर्ध्यातले असान."

ते हसले. मी म्हणालो, मले काही नको. दिनविशेषात तिची एक ओळ वाचा, साउंड माह्याकडून.

"एवढंच?"

"एवढंच."

"झालं समजा."

"मी समजत नसतो सर. तुमी बोला."

"वाचू," ते म्हणाले. माझ्या धंद्यात तोंडातून निघालं की सौदा पक्का.

माय आमच्या जुन्या वस्तीच्या गायन पार्टीत गायची. पार्टी पाच जणांची: माय पुढे, ढोलकीवाले काका, बेंजोवाला, झांजवाला आणि कोरसला मायची मैत्रीण, जिला मी मावशी म्हणतो. वस्तीतल्या बहुतेक घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. गाणी त्याचीच असायची: शिका, उठा, कुणापुढे वाकू नका. जयंतीच्या दिवसांत मुकाबला व्हायचा: दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने गाण्यात सवाल टाकायचा आणि दुसरीने गाण्यातच जवाब द्यायचा. समोरचा अजून कडवं संपवतो आहे तोवर मायचं उत्तर तयार असायचं. भाव करणं मी कुणाकडून शिकलो, हे मला कधी सांगावं लागलेलं नाही.

आता एक जुलैचं. त्या काळी जन्माचा दाखला घेऊन कुणी पोराला शाळेत घालत नव्हतं. मास्तर पोराला समोर उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का पाहायचे. पोचला की पोरगं शाळेच्या वयाचं. शाळा जुलैत उघडायची, म्हणून जन्मतारीख एक जुलै. साल अंदाजाने. गायन पार्टीतल्या पाचही जणांचे हात असे त्या-त्या वर्षी कानाला पोचले, आणि पाचही जण एक जुलैला जन्मले.

सौदा सांगितला तेव्हा माय तांदूळ निवडत होती.

"माहा वाढदिवस? तो तर मास्तरचा वाढदिवस होय गा."

"कागदावर तुहाच हाय."

"मंग काकाचाबी त्याच दिवशी. बेंजोवाल्याचाबी. सगळ्याइचं वाचतीन काय?"

"सध्या तुहं वाचतीन."

"सध्या," ती म्हणाली, आणि एक खडा काढून दाराबाहेर फेकला.

पण त्या संध्याकाळी तिने निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. मावशीला सोबत घेतलं. मी वायर पसरत होतो तेव्हाच दोघी येऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

कार्यक्रम सुरू झाला. एका गायकाची पुण्यतिथी झाली. एका वादकाचा जन्म झाला. मग निवेदिकेने सांगितलं की चालता चालता कानाला लावून ऐकायचा छोटा टेप जपानात याच दिवशी विक्रीला आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जागेवरून मला माय दिसत होती. निवेदिका नवी ओळ सुरू करायला थांबली की माय पदर सारखा करायची. दर वेळी करायची. शेवटी निवेदिका म्हणाली, "तर असा हा आजचा दिवस," आणि खाली उतरली. यंत्राचा वाढदिवस साजरा झाला, मायचा राहिला.

मी निवेदिकेला गाठलं. "ताई, एक ओळ राहिली."

"राहिली नाही दादा, सरांनी सकाळी काढायला सांगितली. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

वर सर आभार मानत होते. फुलांचे आभार, हॉलचे आभार, ध्वनिव्यवस्थेचे आभार. तिथे मी त्यांचा माईक बंद केला. त्यांचे ओठ थोडा वेळ तसेच हलत राहिले. मग ते उतरून माझ्यापाशी आले.

"माईक गेला वाटतं."

"गेला नाई. थांबवला. ओळ कुठं हाय?"

त्यांनी आवाज खाली घेतला. "हे पाहा, मी चौकशी केली. तुमच्या त्या पार्टीत पाचही जणांची तारीख एकच. असं कुठे असतं? खरी तारीख नाही ती. आम्ही इतिहास सांगतो, मंडळाचं हसं होईल."

"मागच्या खेपी तुमी त्या जुन्या उस्तादाची जयंती केली. त्याइच्या जन्माबद्दल तीन मतं हायेत असं तुमीच माइकवर बोलले. माहाच माईक होता."

"ते विद्वानांतले मतभेद आहेत."

"म्हंजे मोठ्याची तारीख चुकली तं मतभेद, अन आमची चुकली तं खोटी?"

"आवाज वाढवू नका. आणि गाणी म्हणाल तर ती प्रचाराची. संगीत म्हणून त्यांचा विचार..." पुढचं त्यांनी गिळलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, आटपा ना, नंतर ऑटो मिळत नाही."

राग मला लवकर येतो, हे नागपुरातल्या कुठल्याही मांडववाल्याला विचारा. पण त्या क्षणी मी शिवी दिली नाही. बिनवायरचा माईक सुरू केला आणि मायच्या हातात नेऊन दिला.

"मी काहून गाऊ?" ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. "मले कोनं बलावलं गायले?"

"गाऊ नको. नाव सांग फक्त."

"माहं नाव मीच घेऊ? उखाणा होय काय?"

मावशी पदरात हसली. मागच्या रांगाही हसल्या. माय मात्र हसली नाही. तिने सरांकडे पाहिलं आणि माईक त्यांच्यापुढे धरला. मुकाबल्यात सवाल टाकून झाला की ती असाच हात पुढे करायची.

"घ्या सर. माह्या एकटीचं नका घेऊ. पाच जनं होतो आमी. मी सांगते, तुमी बोला."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "हॉलची वेळ संपली," ते म्हणाले आणि वळले. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकायला लागल्या. माय तशीच, हात पुढे, माईक सुरू. माझ्या पेट्यांमधून तिचा श्वास येत होता, सावकाश, मोठा. खुर्च्यांच्या आवाजातूनही मला तो ऐकू येत होता. इतरांनाही आला असणार. माझ्या पेट्या तशा आहेत.

पुढच्या आठवड्यात सरांनी कुणाच्या तरी हाती बेसाला शाल आणि नारळ पाठवला. माय म्हणाली, "नारळ ठेव, चटणीले होईन. शाल दे वापस." मी स्वतः नेऊन दिली.

यंदाच्या थंडीत ढोलकीवाले काका गेले. ते हिंगण्याला कंपनीत होते. कंपनीने त्यांना निवृत्त केलं ते याच एक जुलैच्या हिशोबाने. ते सांगत होते, साहेब, मी इतका म्हातारा नाही, मास्तरने अंदाजाने लिहिलं होतं. कुणी ऐकलं नाही. नोकरी काढून घ्यायला ती तारीख खरी होती. मतदानाला खरी, पेन्शनला खरी. शोकसभेच्या फलकावर फोटोखाली तीच लिहिली होती आणि कुणी हसलं नाही. ती खोटी निघाली एकाच ठिकाणी, जिथे पाचांतल्या कुणाचं तरी नाव आदराने घ्यायचं होतं तिथे. बेंजोवाला आणि झांजवाला त्यांच्या आधीच गेले. आता माय आणि मावशी, दोघीच आहेत.

परवा सरांचा फोन आला. एक जुलै जवळ आला आहे.

"झालं गेलं विसरा. साउंड तुमचंच हवं. तुमच्यासारखा आवाज दुसऱ्याचा येत नाही."

"पाच नावं," मी म्हणालो. "तुमच्या तोंडून."

"बघू."

'बघू'वर मी प्लायवूडचा तुकडाही उचलत नाही. त्या दिवशी माझ्या पेट्या जुन्या वस्तीत लागतील. पाचांचाही वाढदिवस होईल, काकाची ढोलकी त्यांचा नातू वाजवेल, आणि दाराशी फळा आमचा असेल. मायला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आपण आपलं करू, पन त्या सरनं अजून जवाब नाई देल्ला गा." ती बरोबर बोलते. मुकाबल्यात सवाल टाकल्यावर समोरचा उठून गेला, तर तो सवाल तसाच उभा राहतो.

म्हणून सर, हे तुमच्यासाठी. वस्तीत या. मायसमोर उभे राहा. तुम्ही कबूल केलेली ओळ तुम्हीच का काढली, तारखेमुळे की गाण्यांमुळे, ते तिच्या डोळ्यांत बघून सांगा. माईक मी देतो. या वेळी तो मी बंद करणार नाही, आणि हॉलची वेळ संपली असं तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण तिथे हॉल नाही. बोला.