गुरुजींना व्हाइल चालत नसे

स्क्रीनवर ‘व्हाइल’ दिसला की गुरुजी त्यावर तळहात ठेवायचे, उघड्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा. बोलायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. बाजूला बसलेल्यानं काय ते समजावं आणि ओळ खोडावी. बाजूला बहुतेक वेळा मीच असे, आणि मी काही खोडत नसे. मग ते हात काढून पॅन्टला पुसायचे आणि म्हणायचे, "तेल्हारेवाली, घाण्याले बैल जुपले का वं? तिथल्या तिथं फिरून राहिले बिचारे!"

आमचं अमरावतीचं ऑफिस सर्व्हेचं. शेतातून, रस्त्यावरून, कालव्यावरून मोजणी करून आलेले बिंदू घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर नकाशा उभा करायचा. नकाशाच्या सॉफ्टवेअरला कामं सांगायची भाषा लिस्प, आणि लिस्पचा शेवटचा शब्द म्हणजे गुरुजी. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण चूक सापडली की समोरच्याचा कान पिरगाळायला त्यांची बोटं शिवशिवायची, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. लिस्प मलाही त्यांनीच शिकवली. कोणता कंस कुठे बंद होतो हे नुसत्या नजरेनं ओळखायचं त्यांच्यामुळे जमलं. हे मी नाकारत नाही. परक्या माणसावर इतकी वर्षं कोण चिडून बसतं?

भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. ढीगभर बिंदूंवर एकच काम करायचं तर मी साधा लूप लावायची: जोपर्यंत बिंदू शिल्लक आहेत तोपर्यंत करत राहा, संपले की थांब. हाच तो व्हाइल. गुरुजींचं फंक्शन मात्र एक बिंदू उचलायचं आणि उरलेल्यांसाठी पुन्हा स्वतःलाच बोलवायचं. आपल्या गावाहून, मोर्शीहून, येताना ते पिशवीभर संत्री आणायचे, आणि एकदा त्यातलंच एक सोलून त्यांनी मला हे समजावलं. "एक फोड खाल्ली. उरलं काय? संत्रंच उरलं ना? मंग त्यालेही तसंच खाय. याच्यात मोजनं नाही, थांबनं नाही. हे लिस्प हाय, बाप्पा!"

"मी बसून एकेक फोड खाईन आणि संपलं की उठेन," मी म्हणाले.

"मंग तू संत्रं नोको खाऊ. चने खाय," ते म्हणाले, आणि उरलेलं संत्रं त्यांनी खरोखर स्वतःच खाल्लं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नाही, आणि ते मी कोणाला विसरूही देत नाही.

एका मोठ्या कालव्याचं काम आलं. मालकांना अकोल्यात, जठारपेठेत, दुसरं ऑफिस काढायचं होतं. कालव्याचा प्रोग्राम ज्याचा, अकोला त्याचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. प्रोग्राम मी लिहिला. पहिल्या ओळीत माझं नाव घातलं, आतमध्ये माझे व्हाइल. इंजिनिअर लोकांना दाखवायच्या आदल्या दिवशी मी माझ्या गावी, तेल्हाऱ्याला, लग्नाला गेले, आणि मागे गुरुजींना राहवलं नाही. माझे सगळे लूप उपटून त्यांनी आपली संत्री लावली. लहानशा पाटचारीवर चालवून पाहिलं, चाललं, आणि निवांत घरी गेले.

सकाळी मला कळलं तेव्हा मी हात जोडले. "गुरुजी, पाटचारी वेगळी, कालवा वेगळा. फंक्शन स्वतःला बोलवत राहिलं की मागची अर्धवट कामं मशीन एकावर एक रचत जातं. इतके बिंदू झाले की ती रास कोसळणार."

"कोसळाले तुया बापाच्या कुटाराचा ढीग हाय का थे?" म्हणाले आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

कोसळलीच. इंजिनिअर मंडळी चहा पीत बसलेली, पडद्यावर अर्धा कालवा आणि खाली चूक दाखवणारी ओळ. वर पहिल्या ओळीत ठसठशीत माझं नाव. कोणीतरी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" गुरुजींनी त्या नावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "व्हाइल लिवला का असंच होते."

त्या कोडमध्ये एकही व्हाइल शिल्लक नव्हता! मी उभी राहिले, बोलायला लागले, तर मालक म्हणाले, "बाई, नंतर." ते नंतर कधी आलंच नाही. आठवड्यानं प्रोग्राम व्यवस्थित चालला. का नाही चालणार? आत गुरुजींनी माझेच लूप गुपचूप परत बसवले होते. फक्त पहिल्या ओळीत आता गुरुजींचं नाव होतं. अकोलाही त्यांनाच मिळालं, आणि मी त्यांच्या हाताखाली जठारपेठेत जाऊन बसले.

राजीनामा देऊन मोकळी झाले असते, पण मग त्यांना सुखानं झोप लागली असती. ती मला लागू द्यायची नव्हती. त्यांचं एकेक फंक्शन मी दिवसाढवळ्या उघडायची आणि त्यांच्यादेखत त्यात व्हाइल लावायची. ते नुसते बघायचे. स्क्रीनवर हात ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं होतं. कालव्याच्या फाईलला मात्र मी हात लावला नाही. ज्यानं नाव लिहिलं त्यानंच ते खोडावं, आणि माझ्यासमोर खोडावं, एवढंच माझं म्हणणं होतं. "गुरुजी, ती पहिली ओळ?" असं मी अधूनमधून विचारायची. "पाहू ना वं," म्हणत ते पाणी प्यायला उठायचे. माणूस इतकं पाणी पितो का?

मग ते निवृत्त झाले, अकोला माझ्याकडे आलं. निरोपाच्या भाषणात मी त्यांचं एका शब्दानं कौतुक केलं नाही. पुढे ते आजारी पडले. भेटायला मी गेले नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. ते वारले तेव्हा मी मोर्शीला गेले, कोपऱ्यात बसले, परत आले. ती ओळ तशीच होती.

यंदा त्यांची मुलगी आमच्याकडे नोकरी मागायला आली. परीक्षेत तिनं लूप लिहिला तो ‘फोरईच’चा, ‘प्रत्येकासाठी हे कर’ एवढंच सांगणारा, म्हणजे ना बापाचा, ना माझा. आमच्या महायुद्धाचं पोरीला काही सोयरसुतकच नव्हतं! काम चोख होतं, मी तिला घेतलं. खरं सांगते, फक्त कामासाठी घेतलं नाही. बापानं लिहिलेलं नाव लेकीच्या हातून खोडवायचं आणि आपण खुर्चीत रेलून बघायचं, असं माझं ठरलेलं होतं.

पहिल्याच दिवशी तिला कालव्याची फाईल उघडायला सांगितली. तिनं उघडली. मी काही बोलायच्या आत तिनं पहिली ओळ पुसली, तिथे माझं पूर्ण नाव टाईप केलं आणि फाईल सेव्ह केली.

"हे कोणी सांगितलं तुला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बाबांनी," ती म्हणाली. "दवाखान्यात होते तेव्हा. म्हणाले, तेल्हारेवालीकडे गेली तं पयले त्या फायलीतून माहं नाव काढजो, मंगच खुर्चीवर बसजो. तिच्यासमोर काढाची मले हिंमत नाही झाली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मघापासून पोरगी उभ्यानंच टाईप करत होती. आता ती बसली.

मी जिन्यात जाऊन रडले. रागानं रडले, हे स्पष्ट सांगून ठेवते. इतकी वर्षं जिवापाड जपलेला सूड, तोही या माणसानं मला घेऊ दिला नाही.