दूध घरी आहे

हट्टीपणात आमच्या घरात कोणी कोणाला हार जाणारं नव्हतं. नवरा हट्टी, थोरला मुलगा त्यांच्यावर ताण, आणि मी त्या दोघांच्याही वरची, असं नातेवाईक म्हणत. मुलगी तेवढी समजूतदार. ती कोणावर गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा कल्याणला, पश्चिमेला राहत होतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हे मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते, मिसरूड फुटल्यापासून. थोरला शिकून बाहेर पडला, तसा साहेबांकडे शब्द टाकून त्यालाही त्यांनी तिथेच चिकटवला. पोरानं वर्षही काढलं नाही. एका मित्राबरोबर डोंबिवलीजवळ मानपाड्याला गाळा भाड्यानं घेतला, एक जुनं लेथ मशीन आणलं आणि मग येऊन सांगितलं, "बाबा, मी राजीनामा देऊन आलोय."

"आधी विचारलं असतंस तर?" हे म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग आता घरात तरी कशाला आलास? जा तिकडेच. पुन्हा ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

पोरगाही बापाचाच. त्यानं त्याच संध्याकाळी बॅग भरली आणि मानपाड्याला गाळ्याच्या मागे एक खोली घेतली. मी मध्ये पडले, रडले, दोघांनाही सुनावलं. उपयोग शून्य. "मी एकदा बोललो की बोललो," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितली, तर घरी येऊन देवापुढे हात जोडून म्हणाले, "आजपासून बंद." आणि बंद. मी सगळ्या बिल्डिंगला कौतुकानं सांगितलं होतं, की ह्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्याच शब्दानं माझं लेकरू घराबाहेर ठेवलं, तेव्हा ते कौतुक माझ्याच घशात अडकलं.

आमच्याकडे कोजागरीला आश्विनी करतात. म्हणजे घरातलं जे पहिलं अपत्य, मुलगा असो की मुलगी, त्याला त्या दिवशी चंद्र उगवल्यावर आईनं ओवाळायचं. बाकीच्यांनी बघत बसायचं. लहानपणी मुलगी ह्यावरून दरवर्षी रुसायची आणि तिच्या वाटणीचं दूध मला एक पेला जास्त द्यावं लागायचं. हे स्वतःही त्यांच्या घरातले थोरले. सासूबाई होत्या तोवर कोजागरीला रजा टाकून पेणजवळच्या गावी जात, चाळिशी उलटली तरी जात. भिंतीशी पाटावर मांडी घालून, टोपी घालून, अगदी शहाण्या मुलासारखे बसत. सासूबाई गेल्या आणि ते संपलं. त्याबद्दल हे कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण कोजागरीच्या संध्याकाळी ते खिडकीत जरा जास्तच वेळ उभे राहत.

मुलगा घर सोडून गेला त्या वर्षी मी त्याच्या फोटोला ओवाळलं. दुसरं काही सुचलंच नाही. जिवंत, धडधाकट पोराच्या फोटोला कुंकू लावताना माझ्या हातातलं निरांजन कलंडलं आणि तूप भिंतीवर सांडलं. मी त्या तुपाचा डाग पुसला नाही. रोज भाजी चिरताना तो समोर दिसायचा आणि मी रोज स्वतःला बजावायचे, की पुढच्या वर्षी असलं काही करायचं नाही. पुढच्या वर्षी पोरगं समोर बसलेलं असेल.

पुढची कोजागरी जवळ आली तेव्हा मुलगी म्हणाली, "अगं मग आपण त्याच्या रूमवर जाऊ ना. मी गेलेले परवा. स्टोव्ह आहे, सतरंजी आहे. तिकडेच ओवाळ."

मला ते पटलं नाही. एकदा तसं केलं की दरवर्षी तसंच होणार. आई डबा घेऊन इकडून तिकडे फिरणार आणि घर कायमचं दोन ठिकाणी वाटलं जाणार. मला चौघं एका सतरंजीवर हवी होती. घरी तो येणार नाही आणि मानपाड्याला हे जाणार नाहीत. म्हणजे तिसरी जागा हवी.

मोहन्याच्या पुढे, आंबिवलीच्या बाजूला नदीकाठी एक मोठं आंब्याचं झाड होतं. कारखान्यातली माणसं बायकामुलांना घेऊन तिथे डबा खायला जात. आम्हीही मुलं लहान असताना कितीदा गेलो होतो. त्या वर्षी कोजागरी नेमकी रविवारी आली. मी आदल्या आठवड्यातच चहाच्या वेळी जाहीर केलं.

"रविवारी मी नदीवर जाणार आहे. आंब्याखाली. थोरल्याची आश्विनी तिथे होईल आणि जेवणही तिथेच. घरी संध्याकाळी गॅस पेटणार नाही."

ह्यांनी पेपर खाली केला. "तो येणार असेल तर मी येणार नाही."

"नका येऊ. उंबरा तुम्ही बंद केलात, नदी काही तुमच्या नावावर नाही. आणि एक सांगा. तुम्ही केस पिकले तरी आईकडे रजा टाकून जायचात ना? माझ्या पोराला आई नाही का?"

पेपर पुन्हा वर गेला. पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

रविवारी पहाटेपासून मी पदर खोचून कामाला लागले. नवा तांदूळ आला होता, त्याचा मसालेभात. वालाचं बिरडं, वाल मी तीन दिवस आधीच भिजवून मोड आणून, बसून सोलले होते. अळूवड्या. लाल भोपळ्याचे घारगे, कारण थोरल्याला ते गारच आवडतात आणि गार खायचे म्हणजे सहलीलाच. ऑक्टोबरचा उकाडा असा की ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. सगळ्यात शेवटी दूध आटवलं, केशर, वेलची, बदामाचे काप घातले आणि पातेलं गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

"थर्मासमध्ये भरू?" मुलीनं विचारलं.

"राहू दे इथेच."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि थर्मास परत फळीवर ठेवला. समजूतदार, म्हटलं ना.

दुपारी चपला घालताना मागे वळून पाहिलं तर हे शर्ट बदलून उभे. "जेवायला काही ठेवलेलं नाहीस, तर माणसानं काय करायचं?" एवढं पुटपुटून त्यांनी जड पिशवी स्वतःच्या हातात घेतली. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. असल्या वेळी मी बोलले की बिघडतं, हे मला पक्कं माहीत आहे.

मोहन्याला बसमधून उतरून आम्ही शेतांच्या बांधावरून नदीकडे चालत निघालो. भात पिवळा पडायला लागला होता. झाडाखाली थोरला आधीच येऊन बसला होता, डोंबिवलीहून गाडीनं आंबिवलीला उतरून. वाळला होता. नखांत काळं तेल होतं, घासूनही न निघालेलं. मला पाहून उठला, पाया पडला, मग ह्यांच्याकडे वळला, तर हे सरळ पुढे गेले आणि नदीकडे तोंड करून एका दगडावर बसले. थोरल्याचे हात तसेच अर्धे पुढे राहिले. मला त्या क्षणी दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

"बस रे," मी म्हटलं, "चंद्र उगवेपर्यंत कोणी डब्याला हात लावायचा नाही."

मग मुलगी ऑफिसमधल्या गमती सांगत राहिली, थोरला हसत राहिला आणि तो हसला की दगडावरची मान किंचित वळायची, पुन्हा सरळ व्हायची. ह्यांना अळूवडीचा वास येत असणार. मी डब्याचं झाकण मुद्दाम जरासं सैल करून ठेवलं होतं.

सूर्य बुडाला आणि पलीकडच्या काठावर, ताडांच्या मागून चंद्र वर आला, मोठा, पितळेच्या ताटाएवढा. मी पाट मांडला. हो, पाटही घरून आणला होता. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजनात तूप आणि फुलवात. थोरला पाटावर बसला. मी म्हटलं, "बघा, एक वस्तू विसरलेली नाही," आणि पिशवीतून पेटवायला काढलं, तर हातात आला गॅसचा लायटर.

आमच्याकडे लायटर येऊन दोनेक वर्षं झाली होती. ओट्यावर काडेपेटी असायची सवयच गेली होती. निघताना पेटवायचं म्हणून ओट्यावरचं जे रोज हाताशी, ते मी पिशवीत टाकलं होतं. तरी मी ते वातीजवळ धरून दाबलं. चट् चट्. ठिणगी उडाली, वात ढिम्म.

"आई! लायटर?" मुलगी पोट धरून हसायला लागली. "अगं त्याला गॅस लागतो!"

थोरल्याला हसू आवरेना. मी मात्र चट् चट् करत राहिले. अंगठा दुखायला लागला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. नदीपलीकडे एक होडी दिसत होती, ती हाकेच्या बाहेर.

"मी गावात जाऊन आणतो," थोरला म्हणाला.

"पाटावरून उठायचं नाही!" मी ओरडले. माझा आवाज फाटला, ते मलाही कळलं. "एकदा बसलास तो बसलास. फोटोला ओवाळलंय मी गेल्या वर्षी. फोटोला! मी इथून ओवाळल्याशिवाय हलणार नाही, मग रात्र होवो नाही तर काही होवो."

थोरल्याचं हसू गेलं. त्याला फोटोचं माहीत नव्हतं. मुलीनंही त्याला सांगितलं नव्हतं. तो खाली मान घालून बसला आणि मी पुन्हा लायटर दाबला, डोळ्यांतल्या पाण्यानं वातही धड दिसेना.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. हे उठून आले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पँटच्या खिशात हात घातला, जरा थांबले आणि काडेपेटी काढली.

चांगली वापरातली काडेपेटी होती, कड घासून घासून काळी झालेली. देवापुढे हात जोडून सोडलेली सिगारेट किती महिन्यांपासून पुन्हा सुरू होती कोण जाणे. ह्यांच्याकडे मी पाहिलं, तर कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. सगळ्या बिल्डिंगमध्ये एका शब्दाचा म्हणून मिरवणारा माणूस, त्याच पोरासमोर हात पुढे करून उभा होता. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. मी त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं काढली होती.

त्यांनी उकिडवं बसून काडी ओढली. वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली आणि दोन्ही तळव्यांच्या आडोशानं ती वातीला लावली. निरांजन पेटलं. हात मात्र त्यांनी काढले नाहीत, वारा होता ना. मग थोरल्याकडे पाहून म्हणाले, "उघड्या डोक्यानं ओवाळून घेतात का? डोक्यावर काहीतरी घे."

थोरल्यानं खिसे चाचपले. ह्यांनी स्वतःचा रुमाल काढून, झटकून, घडी मोडून त्याच्या डोक्यावर ठेवला.

मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. ह्यांचे हात ज्योतीबरोबर गोल गोल फिरत होते. हे असं कुठल्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही आणि मला त्याची पर्वाही नव्हती.

मग आम्ही जेवलो. हे आधी सतरंजीच्या टोकाला बसले, मग बिरड्यासाठी आत सरकले. कितीतरी वेळानं भाताचा घास हातात ठेवून त्यांनी विचारलं, "मशीन आवाज करतं म्हणे?"

मुलीनं पोचवलेलं दिसत होतं. थोरला दचकला. "हो. घरघर येते मधूनच."

"बेअरिंग बघितलंस?"

"बदललं. तरी येतेच."

"बेस हललेला असेल मग," हे म्हणाले आणि घारगा उचलला. पुढे दोघं कसल्या कसल्या नटांबद्दल आणि बोल्टांबद्दल बोलत राहिले. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मी त्यांना मध्ये भात वाढायलाही थांबवलं नाही.

डबे रिकामे झाले. थोरल्यानं हात धुतले आणि सवयीनं विचारलं, "आई, दूध नाही आणलंस?"

मी डब्यांची झाकणं लावत होते. मान वर न करता म्हटलं, "दूध घरी आहे."

मुलगी सतरंजी झटकायची थांबली. आंबिवली स्टेशन एका बाजूला होतं, बसचा रस्ता दुसऱ्या बाजूला आणि आता वेगवेगळ्या वाटांनी जायची वेळ झाली होती. मी एकेक झाकण लावत राहिले. जे झाकण लागलेलं होतं, तेही पुन्हा उघडून लावलं.

ह्यांनी पाट काखोटीला मारला, पिशवी उचलली आणि दुसरी, हलकी पिशवी थोरल्यापुढे धरली.

"धर," ते म्हणाले. "चल लवकर. बस चुकली तर दूध नासेल."

दूध फ्रिजमध्ये होतं. हे त्यांनाही माहीत होतं. थोरल्यानं पिशवी घेतली आणि तो त्यांच्या मागोमाग बांधावरून चालायला लागला, डोक्यावरचा रुमाल काढायचा विसरून.

काडेपेटी माझ्या कमरेला खोचलेली होती. बसस्टॉपवर ह्यांनी दोनदा खिसा चाचपून माझ्याकडे पाहिलं. मी ती दिली नाही.