टेनिसवाल्या शामरावांची सभा

महाराष्ट्र राज्य झालं त्या एक मेच्या संध्याकाळी लालबागच्या मोरजकर चाळीचं पटांगण असं भरलं होतं, की मागून आलेल्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवरच बैठक मारली. सकाळपासून पेढे वाटून झाले होते, गुलाल उधळून झाला होता, ढोल बडवून पोरांचे हात सुजले होते, तरी कुणाचं समाधान होत नव्हतं. इतकी वर्षं मोर्चे काढून, लाठ्या खाऊन, घोषणा देऊन घसे बसवून मिळवलेली गोष्ट एका दिवसात साजरी करून संपवायची तरी कशी? मंडळाने शाहिरांचं कलापथक ठरवलं होतं. स्टेज बांधलेलं, कर्णे लावलेले, मधोमध सुंभाचा दोर ताणून बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी केलेली. नव्हते ते फक्त शाहीर.

"शाहीर दादरला गर्दीत अडकलेत, येतीलच," असं मंडळाचे चिटणीस नाना खोत माइकवरून तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मागून शिट्ट्या सुरू झाल्या. नानांच्या कपाळावर घाम आला. आता काय करायचं म्हणून त्यांनी पुढच्या रांगेवरून नजर फिरवली आणि ती शामराव घाड्यांवर येऊन थांबली.

"शामराव, वर या. लोकांना काहीतरी सांगा."

"मी काय सांगू? मला भाषण येत नाही."

"टेनिसचं सांगा. साहेबांचं सांगा. वर तर या."

चाळीत सगळे शामरावांना टेनिसवाले म्हणत. मालवणकडच्या खेड्यातून ते लहानपणी काकांचं बोट धरून मुंबईला आले. काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि पुतण्यालाही तिथंच चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. पण ओळखीच्या एका माळ्याने पोराला समुद्राकाठच्या एका जिमखान्यात चेंडू उचलायला नेलं. चेंडू उचलता उचलता पोरगा खेळायला शिकला आणि मोठा होऊन मार्कर झाला. मार्कर म्हणजे क्लबातला पगारी खेळाडू. मेंबरांबरोबर खेळायचं, त्यांना शिकवायचं, त्यांच्या रॅकेटींच्या तुटलेल्या तारा बदलायच्या. पगार घेतो म्हणून मोठ्या स्पर्धांची दारं त्याला बंद. गुडघ्याने दगा दिला तेव्हा शामराव निवृत्त झाले. तोवर त्यांचं सगळं आयुष्य त्या तांबड्या मातीवर गेलं होतं, पण लालबागेतल्या एकाही माणसाने त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. जिमखान्याच्या फाटकातून आत सोडणार कोण? चाळीला त्यांच्या टेनिसचा पुरावा एवढाच, की लव झडलेले जुने चेंडू ते घरी आणत आणि पोरं त्यांनी क्रिकेट खेळत.

शामराव माइकसमोर जाऊन उभे राहिले. पुढे बसलेल्या गिरणीतल्या एका जॉबरनेच, म्हणजे मुकादमाने, सुरुवात करून दिली.

"शामराव, एक सांगा. आमच्या हुतूतूत एक गडी मारला की एक गुण. तुमच्यात पहिल्याच फटक्याला पंधरा कसे?"

"मीसुद्धा पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं," शामराव म्हणाले. "आमचा हेडमार्कर म्हणाला, हे ज्यांनी ज्यांनी विचारलं ते अजून चेंडूच उचलतायत. मग मी पुन्हा विचारलं नाही."

हशा झाला. कर्ण्यातून आपला आवाज केवढा मोठा येतो, याचं शामरावांना नवल वाटलं.

"बरं, शून्याला लव म्हणतात ते खरं काय?" वरच्या गॅलरीतून प्रश्न आला.

"खरं. आणि त्या लवपायी माझं घर मोडायची पाळी आली होती. मी नवा नवा होतो. इंग्रजीतले शब्द येत होते ते सिनेमाच्या पाट्यांवरचे. एक मडम माझ्याबरोबर खेळायला आली. पहिलाच चेंडू माझा चुकला, तर ती माझ्याकडे बघून म्हणते, फिफ्टीन लव. माझ्या हातातली रॅकेटच खाली पडली. घरी येऊन गंमत म्हणून बायकोला सांगितलं. आठवडाभर अबोला."

"महिनाभर," बायकांच्या बाजूने त्यांच्या पत्नीचा, कौसल्याबाईंचा आवाज आला आणि पटांगण खदखदून हसलं.

आता लोकांच्या प्रश्नांना ऊत आला. कुणी विचारलं, साहेब पांढरेच कपडे का घालतात. शामराव म्हणाले, "धुणारा दुसरा असतो म्हणून." कुणी विचारलं, फटका जोरात बसला तर चेंडू समुद्रात जातो का. ते म्हणाले, "एका न्यायाधीशांचे जायचे. मी त्यांना सांगायचो, साहेब, फटका अगदी बरोबर होता, समुद्रच जरा जवळ आहे." शामराव एकेक उत्तर देत होते आणि आतून फुलत होते. जिमखान्यात त्यांनी हजार वेळा 'गुड शॉट, सर' म्हटलं होतं. इथे पहिल्यांदाच लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग गिरणीतल्या एका तरुण साचेवाल्याने उठून विचारलं, "मामा, कधी एखाद्या साहेबाला हरवलंत की नाही?"

शामराव म्हणाले, "हरवणं सोपं होतं. पण तो साहेब दुसऱ्या दिवशी आला नाही, तर सेक्रेटरी मला विचारणार. म्हणून हरायचं. आणि हरायचीसुद्धा पद्धत असते. शेवटपर्यंत साहेबाला घाम फुटला पाहिजे, जिंकलो ते आपल्या अकलेने, असं वाटलं पाहिजे. पण एकदा क्लबाने फक्त मार्करांचे सामने ठेवले होते. मुंबईतले सगळे मार्कर आले होते. तिथं मी कुणालाच सोडलं नाही. शेवटचा सामना जिंकलो तेव्हा टाळ्या वाजवायला दोन माळी होते. मेंबर चहाला गेले होते."

यावर कुणी हसलं नाही. नाना खोत एकदम टाळ्या वाजवू लागले आणि मग गॅलऱ्यांसकट सगळ्या चाळीने टाळ्यांचा असा कडकडाट केला, की शामरावांना कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने तळमजल्यावरची चंपा उभी राहिली. नवरात्रात फुगडीला तिचा हात धरायला कुणी धजत नसे. "भावजी, बायका खेळतात काय ओ हा खेळ?"

"खेळतात की. लुगडं नेसूनसुद्धा खेळतात."

"कुणाला बघितलंत?"

शामरावांनी दोरापलीकडे पाहिलं. कौसल्याबाई मान हलवून नको नको करत होत्या. पण आज शामराव कुणाचं ऐकण्यातले नव्हते.

"हिला," ते म्हणाले. "त्या सामन्यांच्या आधी सरावाला कुणी जोडीदार मिळेना. दुपारी चाळ झोपली की आम्ही दोघं मागच्या गोदामाच्या भिंतीपाशी जायचो. ही चेंडू टाकायची, मी मारायचो. पुढे ही मारायला लागली. नंतर मी नको म्हटलं तरी हीच रॅकेट काढून बसायची."

बायकांमध्ये एकच कालवा उठला. चंपाने कौसल्याबाईंचा दंड धरून त्यांना उभं केलं. "माका कित्याक वडतंस गो?" कौसल्याबाई म्हणत होत्या, पण हसत होत्या. गॅलरीतून ओरडा सुरू झाला, की खेळून दाखवा. कुणीतरी शामरावांच्या खोलीत धावत जाऊन दोन रॅकेटी घेऊन आलं. नानांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना मागे सारलं, मधला सुंभाचा दोर कमरेइतका वर घेऊन खांबांना बांधला आणि त्यावर बिछान्याच्या चादरी टाकल्या. जाळं तयार झालं.

कौसल्याबाईंनी पदर कमरेला खोचला. केस पिकलेले, नाकात मोती, हातात रॅकेट. दोराजवळ येऊन त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "नीट मारा. माझी कीव करू नकात."

शामरावांनी पहिला चेंडू हलकेच टाकला. तो असा सणसणीत परत आला, की त्यांच्या कानाजवळून जाऊन थेट ढोलावर आदळला. ढोल वाजला आणि चाळ वेडी झाली. दुसऱ्या चेंडूला शामराव सावध झाले. तो त्यांनी खोल मारला, कौसल्याबाईंनी परत केला. त्यांनी डावीकडे मारला, त्या तिथेही पोचल्या. चेंडू दोरावरून जायचा, यायचा आणि हजारभर माना त्याच्याबरोबर वळायच्या. ज्यांना टेनिसमधलं काही कळत नव्हतं, त्यांनाही तो खाली पडू नये एवढं कळत होतं. शामरावांचा गुडघा ठणकत होता, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड होती कुणाला? मडम, बॅरिस्टर, न्यायाधीश यांच्यासमोर ते कायम हातचं राखून खेळले होते. आता मात्र जिवाच्या आकांताने पळत होते.

मग कौसल्याबाईंनी हात उगारला तो जोरात मारायचा म्हणून. शामराव मागे सरकले आणि बाईंनी ऐन वेळी मनगट सैल सोडून चेंडू दोराच्या जेमतेम पलीकडे टुपकन टाकला. शामराव झेपावले. रॅकेटचं टोक चेंडूला लागलं, चेंडू चादरीत अडकला आणि शामराव गुलालात आडवे झाले.

लोक धावले. त्यांना उठवलं तेव्हा ते नखशिखांत लाल होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

तो साचेवाला जवळ येऊन म्हणाला, "मामा, खरं सांगा. मामींसाठी मुद्दाम सोडलात ना?"

"साहेबांना सोडायचो," शामराव धापा टाकत म्हणाले. "हिला सोडलं असतं तर हिने मला घरात घेतलं नसतं."

शाहीर केव्हाच आले होते. डफ काखेला मारून ते गर्दीत टाचा उंच करून बघत उभे होते. नाना धावत जाऊन म्हणाले, "चला, चला, सुरू करू या," तर शाहीर म्हणाले, "थांबा हो. बाईंचा डाव पुरा होऊ दे."

डाव पुरा झाला तो अंधार पडल्यावर, चेंडू दिसेनासा झाला म्हणून. कौसल्याबाई जिंकल्या. त्यानंतर शाहिरांनी डफावर थाप मारली आणि नव्या राज्याची कवनं सुरू झाली. शामराव आणि कौसल्याबाई यांना नानांनी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसवलं. दोर अजून खांबांनाच होता, पण बायकांची बाजू कुठली आणि पुरुषांची कुठली, हे आता कुणाला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोंगे झाले, गिरण्या सुरू झाल्या, पुरुष कामावर गेले. दुपारी शामराव गुडघ्याला तेल चोळत बसले होते. दार वाजलं. चंपा उभी होती आणि तिच्यामागे पदर खोचलेल्या आणखी काही बायका.

"भावजी, तुम्ही पडा," चंपा चुलीपाशी बसलेल्या कौसल्याबाईंकडे बोट दाखवून म्हणाली. "आमका वयनी होयी."

कौसल्याबाईंनी चुलीवरची कढई उतरवली, रॅकेट घेतली आणि त्या गोदामाच्या भिंतीकडे निघाल्या.