पळपुट्याचा खांदा

शब्दकोशात पळपुटा म्हणजे भित्रा, रण सोडून पळणारा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, या शब्दाला सावरीच्या ओंडक्याचं वजन आहे. शिमग्याला होळीचं झाड रानातून खांद्यावर आणायचं, वाटेत टेकवायचं नाही. दुसरा खाली शिरल्याशिवाय आपला खांदा काढायचा नाही. काढला की सगळा भार शेजारच्याच्या मानेवर. असा काढणारा तो पळपुटा. भ्याला म्हणून नव्हे, सोबतच्याला एकटं टाकलं म्हणून. मग कुठल्याही शिमग्याला घरच्या थोरल्यानं हाक मारून त्याला झाडाखाली घेतलं, की शब्द पुसला जातो.

माझं म्हणाल तर मला तो ओंडका कधी शिवलाच नाही. उंची बेताची. झाड वरून जातं, मी खालून हात लावतो आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो.

वाडीमागच्या डोंगराला भेग पडली, त्या पावसाळ्यात काकानं बायकापोरं घेऊन पोलादपुरात भाड्याची खोली केली. आबा, म्हणजे माझे वडील, त्याचे थोरले भाऊ, जागचे हलले नाहीत. ओटीवर बसून चारचौघांत त्याला पळपुटा म्हणाले. मी त्याच्या कितीतरी आधी डोंबिवली गाठली होती, पण माझ्याबद्दल वाडीत म्हणतात, नोकरीला हाय.

डोंगर काही कोसळला नाही. काका मात्र दर शिमग्याला वर यायचा आणि खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून वाटेच्या कडेला उभा राहायचा. आबांनी फक्त हाक मारायची होती. झाड जवळ आलं की आबा दुसरीकडे बघायचे. झाड पुढं जायचं. काका घडी मोडून तोंड पुसायचा आणि न जेवता खाली उतरायचा. मग आबा आईला हळूच विचारायचे, गेला का तो.

यंदा श्रावणात काका वारला. पोलादपुरात तिरडी उचलताना आबा पुढं झाले. गुडघे कधीचे कामातून गेलेले, त्यात नदीकडची उताराची वाट. अर्ध्यावर भावकीतला एक जण बांबूखाली शिरायला आला.

"आबा, बदला आता."

"नाय," आबा म्हणाले. "एकदा सोडलाय मी."

मी त्यांच्या मागेच होतो. बांबू माझ्या खांद्याच्या वीतभर वरून चालला होता. नुसता हात लावून चालत राहिलो. तोंडातून आवाज फुटला नाही.