आलेखाचं शेपूट

पीएच.डी.च्या सादरीकरणाला आठवडा उरला असताना मी माझा शोध स्वतःच्या हाताने पुसून टाकला. वर मूळ आकडेही उडवले, संगणकात जागा हवी म्हणून.

तो शोध होता हे मला कळलं नव्हतं, हे ओघानं आलंच. माझ्या गाईडना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. नागपूरच्या मे महिन्यात त्या प्रयोगशाळेतला कूलर बंद करून उदबत्ती लावायच्या. आम्ही घामाने निथळत धूर बघायचो. आधी सरळ रेघ, मग डुलणं, मग भोवऱ्यांचा गुंता.

"मोठा भोवरा फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान. सगळ्यात लहान भोवऱ्याच्याही खाली काय?"

"काही नाही बाई, सगळं शांत," मी पुस्तकातलं उत्तर द्यायचो.

"का? हवेतले रेणू सुट्टीवर गेले?"

रेणूंची ती न थांबणारी थरथर गणितात धरायची, हे माझं काम. संगणक महिनाभर राबला. कोणत्या मापाच्या भोवऱ्यात किती ऊर्जा, याचा आलेख पुस्तकाप्रमाणे उतरत गेला आणि अगदी बारीक मापाला पोचल्यावर शेपूट वर करून बसला. मला वाटलं, गणनेतला कचरा. सरासरी मारून शेपूट गुळगुळीत केलं आणि शाबासकीच्या तयारीने बाईंपुढे ठेवलं.

बाई एरवी पुस्तकी मराठी बोलत; राग आला की थेट माहेरी, आर्वीला पोचत.

"शेपूट कुठं गेलं गा?"

"साफ केलं."

"साफ काहून केलं? तेच तं शोधून राहिलो होतो ना आपण! ते रेणूच होते, बावा! मूळ आकडे आण."

"तेही उडवले." बाईंनी उठून कूलर लावला. मे महिन्यात कूलर लागल्याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

पदवी गेलीच होती. पण बाई विभागप्रमुखांकडे जाऊन "मीच नीट समजावलं नाही" असं सांगून मुदत घेऊन आल्या. संगणक पुन्हा राबला, शेपूट पुन्हा वर झालं. पदवी खरं तर त्या शेपटालाच मिळाली. मी सोबत होतो.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण मी केलं. मृदुभाषी, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या आमच्या बाई... टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर बाईंनी जवळ बोलावलं. त्यांचे डोळे ओले दिसले. म्हटलं, भाषण लागू पडलं.

"कोन्या बाईचं सांगून राहिला होता गा?" त्या म्हणाल्या. "तवा ग्राफ केला, आता मले बी गुळगुळीत केलं. काहीच सुधरला नाही तू."