दुखवट्यातली गाणी

आय गेली त्या सकाळी फोन आला तो शेजारच्या रंजनाचा. मी बोईसरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. हातातले मोजे काढून बाहेर येऊन फोन घेतला. आय म्हणजे माझी सासू. आमच्या गावच्या, मुरब्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालता घालता जरा टेकते म्हणून बसली, ती पुन्हा उठलीच नाही. रंजनाने हे सगळं सांगितलं, पण त्याआधी तिने काय सांगितलं असेल? "वहिनी, कानात ते तसंच व्हतं. वाजत व्हतं." म्हणजे माणूस गेल्याची बातमी दुसरी, कानातल्या वायरीची पहिली! मी रिक्षा करून घरी पोचले तोवर आयला आत आणून निजवलं होतं, आणि ते कानातलं थोरलीने काढून टाकलं होतं. थोरली म्हणजे आयची मोठी जाऊ, राहते शेजारच्या दारात, पण आमच्या घरातलं वडीलधारं माणूस तीच. पाहुणे येतील, बरं दिसत नाही, असं म्हणून तिने आयचा तो गाण्यांचा प्लेअर एका रिकाम्या डब्यात टाकला आणि डबा माळ्यावर चढवला. तो बंद कसा करायचा हे मात्र तिला माहीत नव्हतं. म्हणजे खाली बायका रडत होत्या आणि वर डब्यात, बॅटरी संपेपर्यंत, गाणी चालूच असणार… हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि तेवढ्या दुःखातही मला बरं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटू दे.

महिना होऊन गेलाय. आता मी हे लिहितेय, कारण गावात आयबद्दल जे बोललं जातंय त्यात 'हौशी' हा शब्द फार आहे. "हौशी व्हती बाई," असं म्हणतात आणि नाक मुरडतात. हौशी म्हणजे काय ते मला विचारा.

माझे सासरे तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य नाखवा होते, तेही स्वतःच्या बोटीवरचे. त्यांना रेडिओचं वेड. एक बोटीवर, एक घरात. घरातला सकाळी सुरू व्हायचा तो आय झोपेपर्यंत. मी पाम गावची, आमच्याकडे जेवताना बोलायचीसुद्धा चोरी, पहिल्या वर्षी त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. आय म्हणायची, घरात आवाज नसला की तिला बोट अजून बंदराला लागली नाही असं वाटतं. सासरे आजारपणात गेले. बारावं झालं आणि थोरलीने घरातला रेडिओ जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. टीव्हीवर चादर पडली. वर्षभर घरात गाणं नाही, हा आमच्याकडचा दुखवटा. वर्षाने चादर निघते, सगळ्यांसाठी निघते. पण जिचा नवरा गेला ती बाई पुढेही आपल्या हाताने गाणं लावत नाही. तसं तिला कुणी सांगत नाही, बंदी वगैरे तर मुळीच घालत नाही. ती आपली आपणच आवाज कमी करत जाते आणि मग लोक म्हणतात, किती सोशिक! थोरलीला नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांत मी तिला एक ओळ गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सासऱ्यांना जाऊन चारेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आय मागच्या अंगणात झाडू घेऊन उभी. कुंपणापलीकडे रंजनाच्या घरात टीव्ही चालू होता, कसलंसं जुनं गाणं लागलं होतं. आय झाडत होती, पण हातभर जागाच. तेवढीच जागा पुन्हा पुन्हा. गाणं संपलं तशी ती आत गेली. मी तिथेच उभी राहिले, हातात डबा नि पर्स. खरं सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

पगार झाला तसं आयला बोईसरला घेऊन गेले, डोळे तपासायचे असं सांगून. स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानातून काड्यापेटीएवढा एक प्लेअर घेतला. चार बटणं, गाण्याचं नाव दिसायला नखाएवढी पाटी आणि कानात घालायची वायर. दुकानातला पोरगेला भैया कम्प्युटरवर गाणी भरून द्यायचा. आयचं मोकळं कपाळ बघून तो अदबीने म्हणाला, "मौसी, भजन डाल दूँ?"

आय म्हणाली, "भजन देवलात हाय. यात गानी टाक."

त्याने काय मनाला येईल ते टाकलं. मराठी, हिंदी आणि हाताला लागली म्हणून स्वतःची चाळीसेक भोजपुरी. घरी आल्यावर ती काढून टाकूया म्हटलं तर आय नाही म्हणाली. बिचाऱ्याने आपल्या गावची दिलीत, राहू देत.

मग सुरू झालं. प्लेअर चोळीत, वायर पदराखालून वर आणि बोंड एका कानात. एकाच. दुसरा कान जगाला, म्हणजे कुणी हाक मारली तर ओ द्यायला. पुढे टचचे मोबाईल आले, तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या यांनी, चांगला मोठा घेऊन दिला, त्यातही गाणी असतात हे दाखवलं. तिने दोन दिवस वापरला आणि परत केला. बोंबलाच्या चिकट हाताला तो दाद देत नाही म्हणाली, बटण कसं, दाबलं की दाबलं. आणि दुसरं कारण तिने मला एकटीला सांगितलं, "फोनात मानसं बोलतात गं. यात कोन बोलत नाय." दिवसभर सगळ्यांचं ऐकणाऱ्या बाईला असं काहीतरी हवं होतं ज्यातून कुणीच तिला हाक मारणार नाही. मला आजही यापेक्षा चांगलं कारण सापडलेलं नाही.

एकदा सातपाटीहून होडीने येताना उतरता उतरता तो प्लेअर खाडीत पडला. ओहोटी होती, सापडला. आता आमच्याकडे खाऱ्या पाण्यात काहीही पडलं, जाळं, पकड, इंजिनाचा भाग, की पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्यात बुडवून खार काढायचा. आयने तेच केलं. हंड्यातल्या पाण्यात प्लेअर तीनदा खळखळून धुतला, आणि मग वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या दोरीवर, दोन बोंबलांच्या मधे टांगून दिला. बोंबील आम्ही जबड्यात जबडा अडकवून जोडीने टाकतो, त्या रांगेत हा एकटाच वायरीने लटकलेला. मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. तर तिसऱ्या दिवशी तो वाजला! पाटी मेली ती मेलीच, गाण्याचं नाव दिसेना. तिचं काही अडलं नाही, तिला वाचता कुठे येत होतं. ती मोजून बटण दाबायची. वास मात्र त्याला कायमचा राहिला.

दुखवट्याच्या वर्षात मात्र हे ऐकणं चोरून. आणि पकडली गेली ती कशी, तर कानात गाणं असलं की आपण केवढ्याने गातोय ते आपल्याला कळत नाही, तशी. वर्ष सरायला अजून दोन महिने होते. वलांडीवर बारा-पंधरा बायका कामाला होत्या, थोरलीही होती. आय आपल्या तंद्रीत, हात चाललेत, आणि अचानक मोठ्याने, खुल्या गळ्याने, भोजपुरी! दुखवट्यातली मुरब्याची बाई, समुद्राकडे तोंड करून, कळत नसलेल्या भाषेत झोकात गातेय… बायकांचे हात थांबले. रंजना सांगते, आयने अख्खं कडवं पुरं केलं.

त्या दिवशी घरात बैठकच बसली. थोरली, आमचे हे आणि दोन-चार जवळची माणसं. थोरलीने विचारलं, हे तुला दिलं कुणी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आयने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, मीच आणलं बोईसरवरनं. मग थोरली बरंच बोलली. नवरा जाऊन वर्ष नाही झालं, तुला गाणी सुचतात, लाज गुंडाळून ठेवलीस, त्याच्या आत्म्याला काय वाटेल. आय ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तो गेला. मी हाय. रडायचं कवा नि आयकायचं कवा, ते माजं मी बघीन."

आणि मी? मी गप्प बसले. 'मी आणून दिलं' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. शिकलेली, कमावती, रोज ॲसिडच्या बाटल्या हाताळणारी बाई मी, आणि थोरलीसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली. हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर त्याहून जास्त वाटेल.

शिक्षा झालीच. थोरली तिच्याशी बोलेनाशी झाली. वलांडीवर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, म्हणून तिने आपणहून खाडीकडची शेवटची रांग घेतली. लग्नातल्या हळदीची बोलावणी बंद झाली. आणि आयने काय केलं? पदराखालची वायर पदरावर घेतली. लपवायचं संपलं. आता बघा. हळूहळू त्या शेवटच्या रांगेत दुसऱ्याच बायका दिसायला लागल्या. कुणी नवरा गेलेली, कुणी टाकलेली. त्या येऊन आयला म्हणायच्या, "हिराबाय, एक कान दे." मग वायरीचं एक टोक हिच्या कानात, दुसरं तिच्या, आणि दोघी अंतर राखून बोंबील टाकणार, कारण वायर तेवढीच. एकीने पाऊल पुढे टाकलं की दुसरीने टाकायचं. त्या बायकांना लोक काय काय म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही. पण त्यांना तसं चालताना मी पाहिलंय, आणि एवढं छान मी देवळात काही पाहिलेलं नाही.

तर आता आयचं बारावं झालं, आणि थोरलीने पुन्हा टीव्हीवर चादर घातली. वर्षभर घरात गाणं नाही. मी यांना म्हटलं, जी बाई गाणं ऐकत ऐकत गेली तिच्यासाठी घर गप्प ठेवायचं? हे म्हणाले, वर्षाचाच तर प्रश्न आहे, लोक काय म्हणतील. आईवर त्यांचा जीव होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारा माणूस आहे तो. पण वर्षाचाच प्रश्न! अहो, बाईचं वर्ष घेताना ते नेहमी एकच असतं. आठ दिवस मी धुमसत राहिले. नंतर कळलं, मला राग थोरलीचा नाही, यांचाही नाही. दारात गप्प उभी राहिलेल्या त्या बाईचा आहे.

गेल्या रविवारी सकाळी शिडी लावून माळ्यावर चढले. डबा काढला. प्लेअर चार्ज केला. कानाची वायर नाही लावली. गणपतीत वापरतो तो स्पीकर पडवीत ओढून आणला आणि त्याला जोडला. हे पेपर वाचत होते. "काय करतेस?" म्हणाले. मी म्हटलं, हा प्लेअर आयला मी आणून दिला होता. हे तेव्हाच सांगायचं होतं, ते आज सांगते, आणि जरा मोठ्याने सांगते. त्यांनी पेपर खाली ठेवला.  उठून मात्र गेले नाहीत.

मी बटण दाबलं. पाटी मेलेली, कुठलं लागणार ते मलाही ठाऊक नव्हतं. लागलं. एक बाई गात होती आणि मागे ढोलकी, आवाज थेट रस्त्यापर्यंत. रंजना बाहेर आली. समोरच्या ओट्यावरच्या दोघी माना वळवून बघायला लागल्या.  आणि मग शेजारच्या दारातून थोरली आली. काठी टेकत, पदर सावरत, पायरी पायरी चढून पडवीत आली. मी स्पीकरच्या पुढे उभी राहिले. मनात सगळी उत्तरं तयार होती, इतक्या वर्षांची.

थोरली स्पीकरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जरा कमी कर."

बंद कर म्हणाली नाही.

मी कमी केलं नाही. तिला बसायला खुर्ची दिली.