मायनं वेचणीच्या चालीनं वाचलेलं पुस्तक

हदगावच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली, तेव्हा बापूंनी माझी बॅग आत ठेवली आणि कंडक्टरला हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी एकलीच हाय. क्लासला चालली. लक्ष असू द्या." माय खिडकीखाली उभी होती. दहावीला चांगले मार्क पडलेली तिची पोर डॉक्टर व्हायला निघाली होती, आणि ती स्वतः तिसरीत शाळा सोडलेली. गाडी हलली तशी ती दोन पावलं सोबत चालली आणि म्हणाली, "रोज काय शिकवलं ते सांगत जाय मला."

पहिले काही महिने मी खरंच सांगितलं. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, आपल्या हृदयाला चार, असं सांगितलं तर म्हणाली, "मंग आपल्याला एक कप्पा जास्तीचा कशाला दिला?" वर्गात असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. पण पुढे रोजच्या टेस्ट सुरू झाल्या, नंबर खाली जाऊ लागला, आणि एका दिवशी तिनं विचारल्यावर मी वैतागून बोलले, "माय, ते तुला न्हाई कळायचं."

ती "हाव" म्हणाली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

डॉक्टरकीला नंबर लागला नाही. लातूरलाच बीएस्सी केलं, आमच्या घरातली पहिली पदवी. आता हैदराबादला एका लॅबमध्ये आहे, हातात पगार आहे, आणि हे सगळं माय-बापूंच्या कष्टावर उभं आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण फोन मात्र दोन मिनिटांचा झाला. जेवलीस का, पाणी येतं का, तब्येत बरी का, ठेवते. अशी सात वर्षं गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुम्ही गावी असा नाहीतर माझ्यासारखे पीजीच्या खोलीत असा, चित्रकादंबऱ्या वाचा. इंग्रजीत त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. आमच्या लॅबमधल्या श्रावणी अक्कांनी जेवणाच्या सुट्टीत एक जाडजूड पुस्तक माझ्या डब्याशेजारी ठेवलं. उघडलं तर पानभर चौकटी, चौकटीत चित्रं. मी म्हटलं, अक्का, हे तर लहान पोरांचं. त्या म्हणाल्या, "पन्नास पानं वाच, मग बोल." मी दीडशे वाचली आणि डबा तसाच राहिला. शाळेत इंग्रजी म्हटलं की माझ्या हाताला घाम यायचा. परीक्षेसाठी नसलेलं इंग्रजी पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा संपवलं ते हे. शब्द अडला तर चित्र हात धरून पुढे नेतं.

तेव्हापासून दर पगाराला एक, असं चाललंय. नवी महाग असतात हे खरं, पण रविवारी फूटपाथवर जुनी मिळतात. छापील नावं इंग्रजीत आहेत. कुणाला हवी असतील तर मी पाठवीन. आमच्या घरात आता मायनं ठेवलेली नावंच चालतात, तीच इथं सांगते.

'जोड्यावाल्याचं' आधी वाचा. एक चपला शिवणारा माणूस सगळं शहर पायांवरून ओळखतो. जवळजवळ सगळ्या पुस्तकात फक्त पाय आहेत, एकही चेहरा नाही, आणि तरी कोण रडतंय ते कळतं. शेवटच्या पानावर एक चेहरा येतो. कुणाचा ते सांगत नाही. 'नर्सबाईचं' मात्र क्लास करणाऱ्या सगळ्या पोरांनी वाचावं. वॉर्डातली एक नर्स पेशंटच्या केसपेपरच्या मागे त्यांचे हात काढत जाते. मी दोन वर्षं हाडांची नावं पाठ केली, पण हात म्हणजे काय ते त्या पुस्तकात पाहिलं.

आणि तिसरं 'पेटीवालीचं'. धरणात गाव जाणार म्हणून एक म्हातारी पत्र्याची पेटी घेऊन शहराकडे निघते, एवढीच गोष्ट. शब्द अगदी थोडे. हे मी गेल्या दिवाळीत गावी नेलं. कापसाची वेचणी चालू होती. दुपारी लिंबाखाली भाकरी खाल्ली आणि मी पुस्तक काढलं. मायनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दाव बरं."

सोबत शेजारच्या गोदाकाकू होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "चित्राचं पुस्तक? शिकून शिकून बालवाडीत गेली व्हय गं, सवे?"

माय अंगठ्यानं पानं उलटत राहिली. पाच-सहा पानांनी म्हणाली, "बाई लई गुणाची हाय. दर खेपेला निघती अन् माघारी येती."

मला कळेना. ती म्हातारी पुस्तकभर एकदाही माघारी येत नाही. मी म्हटलं, कुठं येते? तिनं बोट ठेवून दाखवलं. वरची ओळ डावीकडून उजवीकडे: बाईनं कुलूप लावलं, पेटी उचलली, सडकेला आली. तिथून बोट सरळ खालच्या चौकटीवर उतरलं आणि उजवीकडून डावीकडे चालत आलं. "ही बघ, गाडीत बसली. मंग गाडी थांबली. मंग पेटी घेऊन सडकेवर एकलीच उभी. उतरली की. करमलं न्हाई तिला."

माय वेचणीच्या चालीनं वाचून राहिली होती. एका ओळीनं बांधापर्यंत जायचं, शेजारच्या ओळीनं परत यायचं. जन्मभर तिनं ओळी अशाच संपवल्या होत्या.

मला वाटलं, असू द्यावं. तिच्या वाचण्यात कुणी घर सोडून जातच नव्हतं. आणि भीतीही वाटली. एकदा मी 'तुला न्हाई कळायचं' म्हटलं आणि तिचं विचारणं बंद पडलं, आता चूक दाखवली तर पुस्तकही मिटलं जाईल. पण खोटं वाचू देणं म्हणजे तेच पुन्हा बोलल्यासारखं होतं. मी सांगितलं, "माय, पुस्तकात ओळ संपली की परत डाव्या अंगाला जाऊन खालची ओळ धरायची."

गोदाकाकूच आधी बोलल्या. "म्हंजे येताना रिकामंच यायचं? असल्या मजुराची दिवसभरात कापसाची ओटी भरायची न्हाई."

माय हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेली. या वेळी हळू. ओळीच्या शेवटी बोट उचलायचं, डावीकडे आणून टेकवायचं. सातव्या पानाशी थांबली.

"मंग ही गेलीच."

"हाव."

"सगळ्याच पानात गेली?"

"हाव, माय."

तिनं शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "गाडीतून उतरल्यावर पहिल्या दिवशी तिनं खाल्लं काय? ते काढलं न्हाई यानं."

मी सांगितलं की दोन चौकटींच्या मधली जागा वाचणाऱ्यानं भरायची असते.

"मंग भर की. तू काय खाल्लं व्हतं, लातूरला?"

सात वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या तिकडच्या दिवसांचं विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. मेसची डाळ घशाखाली उतरेना. तू दिलेले धपाटे होते, पण खोलीत पाच पोरी. वाटावे लागतील म्हणून मी दाराआड उभं राहून एकटीनं खाल्ले.

"लबाड," गोदाकाकू म्हणाल्या.

"किती दिस पुरवलेस?" मायनं विचारलं.

"चार. शेवटच्याला बुरशी धरली होती."

"अन् खाल्लास?"

"खाल्ला."

माय उठली. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, कमरेची ओटी कसली आणि ओळीला लागली. मीही शेजारची ओळ धरली. दहा-बारा झाडं झाली असतील. वर न बघता तिनं विचारलं, "अन् पाचव्या दिवशी?"

घर म्हणजे काय, हे मला पूर्वी पत्त्यात लिहिता यायचं. आता हैदराबादचा पत्ता आहे आणि हदगावचाही. पण ज्या माणसाला माझं जाणंही पानोपान ऐकायचं आहे, ते माणूस म्हणजे माझं घर. त्या दिवशी बांध येईपर्यंत आम्ही लातूरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोचलो. फोन आता पाऊण तास चालतो, आणि तिला हैदराबाद अजून सांगायचंच आहे.